दिवा राखणारा बोर्ड

माझ्या सर्किट बोर्डांवर जागा फार वाया जाते, असं आमच्या ऑफिसात सगळ्यांचं मत आहे. ऑफिस नवीन पनवेलला, खाली औषधांचं दुकान आणि वर आम्ही पाच-सहा जण. रस्त्यावरच्या दिव्यांचे कंट्रोलर बनवतो. अंधार पडला की दिवा लागावा, उजाडलं की बंद व्हावा, एवढंच काम करणारी तळहाताएवढी हिरवी पाटी. तिच्यावर कुठला पार्ट कुठे बसेल आणि तांब्याच्या रेघा कुठून कुठे जातील, ते मी ठरवते. जिथे जिथे काही बिघडू शकतं तिथे मी एक उघडं टिंब सोडते. मल्टिमीटरचं टोक त्यावर टेकवलं की आत काय चाललंय ते कळतं. त्याला टेस्ट पॉइंट म्हणतात. शिवाय मधे मधे बारके एलईडी लावते, म्हणजे इथपर्यंत करंट पोचला हे लांबूनही दिसतं.

"मॅडम, खांबाच्या पोटात बसणाऱ्या पाटीला एवढा नट्टापट्टा कशाला?" साहेब विचारतात.

"बिघडल्यावर तुम्ही चढा मग खांबावर," मी म्हणते. मग विषय बदलतो.

माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे. पण बंद पडलेला बोर्ड पुढ्यात घेऊन, कुठे दुखतंय याचा पत्ता न लागता संध्याकाळपर्यंत बसून बघा एकदा. नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते, बोर्ड बोलता पाहिजे. मुका बोर्ड कितीही देखणा असला तरी मी त्याला हात लावत नाही.

घरी काम आणलं की बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. आम्ही करंजाड्याला राहतो. आमची भातशेती होती आणि थोडं मिठागर. ते सगळं सरकारी नकाशात गेलं आणि बदल्यात प्लॉट मिळाला. त्यावर बिल्डिंग उभी राहिली आणि आमच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचं घर आलं. त्यामुळे चौकोन पाडलेलं कुठलंही चित्र पाहिलं की बाबांना तो नकाशाच आठवायचा. माझ्या स्क्रीनवरचा बोर्ड बघून ते म्हणायचे, "काय गो, परत पलाट पाडतंस काय?"

"हो."

"ज्याचा पलाट त्याला इचारलंस का?"

मी हसायचे. तेही हसायचे, पण जरा उशिरा.

ते गेले ते असे. दुपारी जेवून उठले, छातीवर हात फिरवला आणि आईला म्हणाले, गॅस झालाय. माझ्या बापाला जन्मभर जे काही झालं ते गॅसच होतं. पाठ दुखली तरी गॅस, दम लागला तरी गॅस, घाम आला तरी गॅस. आईने लिंबू पिळून पाणी दिलं. ते हॉलमधल्या खुर्चीत बसले. आई आत जाऊन जरा आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. चार वाजता चहाचं विचारायला ती बाहेर आली, तेव्हा ते नव्हते.

मी ऑफिसात होते. भाऊ ट्रेलर घेऊन न्हावा शेवा बंदराच्या रांगेत अडकला होता. मी घरी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खाली चटईवर घेतलं होतं. मला राग आला. एवढा मोठा माणूस, एक शब्द सरळ बोलता आला नाही? कुठे दुखतंय ते सांगायला काय पैसे पडत होते? मग बघता बघता तो रागही गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. लोक रडत होते, माझ्या गळ्यात पडत होते, आणि मी मनात विचार करत होते की एवढ्या चपला जिन्यात राहिल्या तर कोणी तरी घसरून पडेल. मी खरंच जाऊन त्या चपला भिंतीकडेला लावल्या. फोन येत होते. "हो, झालं," मी सांगत होते. "आज दुपारी झालं." काय झालं ते कोणी विचारायचं नाही, म्हणजे मलाही सांगावं लागायचं नाही.

आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याला ठेवलेलं असतं तिथे दिवा लावतात. जमिनीवर तांदळाच्या पिठाची रास, त्यावर पणती. दहाव्यापर्यंत तो तेवत ठेवायचा. मधे विझला तर गेलेल्या माणसाला वाट दिसत नाही म्हणतात. आमच्या हॉलला समोरासमोर खिडक्या आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर खाडीकडचं वारं सरळ आत येतं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. पुठ्ठ्याचा खोका फाडून तीन बाजूंनी आडोसा केला. बाहेर हायवेची धूळ आणि आत घामाने निथळणारे पाहुणे. आई त्या दिव्यापाशी बसली ती उठेचना.

रात्री कोणी ना कोणी जागं असायचं. भाऊ असायचा, आत्या असायची, चुलत भाऊ पाळी लावून बसायचे. आईला म्हणायचे, काकी तुमी पडा. ती पडायची नाही. दिवसाही नाही. आंघोळीला गेली तरी दार अर्धं उघडं ठेवून आतून विचारायची, "हाय ना?" बाहेरून कोणी तरी "हाय हाय" म्हणायचं, तेव्हा पाण्याचा आवाज यायचा. आईला शुगर आहे, बीपी आहे. तिसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले. चौथ्या दिवशी ती बसल्या जागी तिरकी झाली आणि तिचं डोकं पुठ्ठ्यावर आपटलं. आमचे नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. जिन्यात मला आणि भावाला म्हणाले, "झोप झाली नाही तर यांना ॲडमिट करावं लागेल. मग दिवाही तुम्हीच सांभाळा आणि हॉस्पिटलही."

मी आत जाऊन तिला सांगितलं. "आये, दिव्यापाशी मी बसते. दोन तास झोप."

"तू झोपशील बसल्या बसल्या."

"नाही झोपणार."

"मना पन असंच वाटलेलं," आई म्हणाली. "माजा डोला लागला आनि तुजा बापूस गेला. आता दिव्याचं बी तसंच करू?"

आत्या पदराने तोंड झाकून रडायला लागली. मी उठले आणि माझ्या टेबलाकडे गेले. मला तेव्हा दुःख झालं होतं असं मी म्हणणार नाही. एक काम समोर आलं होतं आणि ते माझ्या ओळखीचं होतं. दिव्याकडे बघत बसणारं, डोळा न लागणारं काही तरी हवं होतं. उजेड आहे की नाही हे ओळखणाऱ्या पाट्या बनवून मी पोट भरते.

ड्रॉवरमध्ये ऑफिसचा एक जुना सँपल बोर्ड होता, माझाच, सगळ्या टिंबांसकट. त्यावरचे नको ते पार्ट काढले. रस्त्यावरच्या दिव्यात उजेडाचा सेन्सर वायर लावून लांब बसवतात. मी तो थेट पाटीवरच डकवला. दिवसा हॉलमध्ये उजेड असतोच, म्हणून त्याच्याभोवती काळ्या रबरी नळीचा तुकडा घातला, म्हणजे तो समोरच्या ज्योतीशिवाय इकडेतिकडे बघणार नाही. एक बजर लावला. दोन सेल जोडले. सोल्डरचा वास घरभर पसरला तेव्हा आत्या दारात येऊन उभी राहिली.

"काय गो करतंस?"

"दिवा गेला तर ओरडणारं यंत्र."

"म्हंजे आता दिव्याला पन वॉचमन ठेवला?" ती म्हणाली. मग तिला आठवलं की हसायचं नाही, आणि ती आत गेली.

करून झालं आणि माझ्या लक्षात आलं की याची परीक्षा घ्यायची कशी? कुठलाही बोर्ड मी तपासल्याशिवाय बाहेर सोडत नाही. इथे तपासायचं म्हणजे दिवा विझवून बघायचा, आणि जगात तेवढी एकच गोष्ट करायची नव्हती. देवघरातलं निरांजन सुतकात लावता येत नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरात, भाच्याच्या वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती सापडली, गुलाबी, वेटोळ्याची. ती ओट्यावर लावली, बोर्ड समोर धरला आणि फुंकर मारली.

बोर्ड गप्प.

परत लावली, परत विझवली. गप्पच. मी मल्टिमीटर काढला आणि एकेक टिंब तपासत गेले. सेल ठीक. बजर ठीक. सेन्सरच्या टिंबावर आकडा बघितला तर तो म्हणत होता, उजेड आहे. मेणबत्तीचा धूर माझ्या नाकात जातोय आणि हा म्हणतोय उजेड आहे. मी नळीच्या तोंडावर बोट दाबलं, तरी उजेड आहे. मग सहज माझा अंगठा शेजारच्या एलईडीवर पडला आणि बजर कोकलला.

माझाच एलईडी. करंट पोचला हे लांबून दिसावं म्हणून मी प्रत्येक बोर्डावर लावते तो. नळीच्या बुडाशी बारीक फट राहिली होती आणि त्यातून त्याचा लाल उजेड सेन्सरपर्यंत जात होता. ज्योत असो नसो, बोर्ड स्वतःच्याच दिव्याकडे बघून सगळं ठीक आहे म्हणत होता. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याची पूजा बांधली असती. एलईडी काढून टाकता आला असता, पण मग सेल संपलेत की काय ते कळलं नसतं. तो हवा होता. सेन्सरला मात्र दिसायला नको होता.

चिकटपट्टी सापडेना. घरात एवढी माणसं असली की कुठलीच वस्तू जागेवर राहत नाही. बाथरूममध्ये आरशाला आईच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, चार-पाच, मरून रंगाच्या, गोल. एक काढली आणि सेन्सरच्या बाजूने एलईडीवर लावली. बरोबर मापाची निघाली. दुसऱ्या बाजूने बारीक लाल कड दिसत राहिली, तेवढी मला पुरे होती. मेणबत्ती लावली, विझवली, बोर्ड ओरडला. परत केलं, परत ओरडला. टिकली कुणाची, ती आता परत कपाळावर लागणार आहे का, असलं काही माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

आईला ओट्यापाशी आणता येत नव्हतं, म्हणून मेणबत्ती बाहेर नेली. हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दिव्यापासून लांब, तिला करून दाखवलं. ती बघत होती. बोर्ड हातात घेऊन तिने उलटा केला, सुलटा केला.

"ही माजी ना?" टिकलीवर बोट ठेवून तिने विचारलं.

"हो."

"ऱ्हाऊ दे. मना आता कशाला?"

"बरं," मी म्हणाले. मग बोर्ड पुठ्ठ्याच्या आडोशात, दिव्यासमोर ठेवला आणि नळीचं तोंड ज्योतीकडे केलं.

पहिल्या दुपारी ती आडवी झाली, पण डोळे उघडे ठेवून. बोर्ड गप्प आहे म्हणजे दिवा आहे, की बोर्डच मेलाय? असा तिचा प्रश्न होता आणि प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला ती लाल कड दाखवली. ही दिसते तोवर हा जागा आहे. तिने मान हलवली, पण झोपली नाही. दर थोड्या वेळाने कुशीवर वळून लाल कड बघायची, मग दिवा बघायचा, म्हणजे माझ्यामुळे तिच्या राखणीला एक दिवा वाढला. भाऊ म्हणाला, "तुझं हे प्रोजेक्ट फ्लॉप आहे, ताई."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. शेजारणीने पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. पाहुणे आतल्या खोलीत पंख्याखाली कलंडले होते. आई दिव्याशेजारी, मी दाराशी पाठ टेकून. वातीवर काजळी धरली होती आणि ज्योत हळूहळू बसत चालली होती, हे आम्हा दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. तिचे डोळे उघडे होते, माझेही उघडे होते, आणि तरी दोघींना दिसलं नाही. बोर्ड ओरडला. आई दचकून उठली, काडीने काजळी झाडली, वात पुढे सारली, तेल घातलं. ज्योत उभी राहिली आणि बजर बंद झाला.

आई थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिली. "हा बगत हाय," ती म्हणाली. मग तिने पदर डोक्याखाली घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली. थोड्या वेळाने घोरायलाच लागली. आत्या आतून बघायला आली की आवाज कसला. आम्ही दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिलो. मला बरं वाटलं. त्या सगळ्या दिवसांत मला काही वाटलं असेल तर तेवढंच.

पुढचे दिवस असे गेले की आता त्यांतला एक दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. आई दुपारी झोपायची, रात्री झोपायची. पायांची सूज उतरली. डॉक्टरांनी शुगर बघून मान डोलावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्या कौतुकाने बोर्ड दाखवायची. "आमच्या पोरीने केलाय. दिवा कमी झाला तर लगेच बोलतो." लोक वाकून बघायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, धीराची आहे पोरगी. मी धीराची नव्हते. माझ्यात काही हलतच नव्हतं. मी ऑफिसचा मेल बघत होते, पाहुण्यांच्या चहाला दूध पुरेल का ते बघत होते. बाबांची खुर्ची कोणी तरी गॅलरीत नेऊन ठेवली होती. तिच्यावर सतरंज्यांचा ढीग साठला होता आणि मी त्यातल्या सतरंज्या ओढून काढत होते. फोनवर मी अजून "झालं" म्हणत होते.

दहाव्याच्या सकाळी भाऊ आंघोळ करून ओलेत्याने आला. आमच्याकडे दहाव्याचं नदीवर करतात. दिवाही नदीवर न्यायचा असतो. पुरुष खाली गाडीपाशी जमले होते. आम्ही बायका घरीच राहणार होतो. भाऊ वाकला, पणती दोन्ही हातांनी उचलली, तळव्याचा आडोसा केला आणि पाय न उचलता सरकत सरकत दारापर्यंत गेला. त्याची पावलं जिन्यातून खाली गेली.

मागे बोर्ड ओरडायला लागला.

अर्थातच लागला. दिवा समोरून गेला होता, त्याने त्याचं काम केलं. मी या बोर्डाला स्विच ठेवला नव्हता. घरात इतकी माणसं, पोरंटोरं, कुणाचा तरी हात लागून तो बंद पडला असता. सेलही वायरने पक्के जोडलेले होते. बिघाड कसा शोधायचा याची सगळी सोय मी त्या पाटीवर केली होती, गप्प कसं करायचं याची नाही. मी टेबलावरून कटर आणला. एक लाल वायर तोडायची, झालं. अशा वायरी मी दिवसाला ढिगाने तोडते.

आई पिठाच्या राशीसमोर बसली होती. पिठात पणतीच्या बुडाचा गोल खड्डा तेवढा राहिला होता. बजर एकसारखा वाजत होता. आत्या कानांवर हात ठेवून आतल्या दारात उभी होती.

"काय बोलत हाय तो?" आईने विचारलं.

"ज्योत दिसत नाही म्हणतोय."

"मंग सांग त्याला."

"आये, तो यंत्र आहे. त्याला सांगून..."

"सांग त्याला," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बोर्डाकडेच बघत होती. "इतके दिस डोला नाय लावला त्याने. कोनीच त्याला काय सांगितलं नाय. सांग, गेला माजा बापूस म्हनून."

मी कटर लाल वायरला लावला. दाबायचं तेवढं बाकी होतं. बजर माझ्या हाताखाली थरथरत होता आणि आई वाट बघत होती.

"गेले," मी म्हणाले.

"कोन?"

"बाबा. बाबा गेले."

बोर्डाला ऐकू येत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. तो तसाच ओरडत राहिला.

"परत सांग," आई म्हणाली.

मी परत सांगितलं. या वेळी शब्द पुरा झालाच नाही, मला रडू फुटलं. आईने मला ओढून जवळ घेतलं आणि ती वायर बराच वेळ तशीच राहिली.